मानसिक आरोग्याचा सहायक कार्यकर्ता : शिक्षण आणि स्थान

मनोविकाराने ग्रस्त झालेला माणूस आणि त्याला मिळू शकणारा उपचार यांच्यामधले अंतर केवळ वैद्यांची संख्या वाढवून भरून निघणारे नाही, ही गोष्ट आपल्या देशातील जाणत्यांनी निदान अर्धशतकापूर्वीच ओळखली होती. बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 साली बारा राज्यांत जी पाहणी केली, तीत प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने पीडित असल्याचे आढळले, आणि विकारपरत्वे 70 पासून 92 टक्क्यांपर्यंत पीडितांना योग्य उपचार लाभत नसल्याचेही दिसून आले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि आपल्याकडील परिस्थिती फार निराळी असावी असे मानण्यास आधार नाही. देशात एक लाख लोकवस्तीमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण 0.75 इतके सांगितले जाते, आणि त्यांतील बहुतेक तज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत. हे प्रमाण उद्या दुप्पट झाले तरी गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या अंतर्भागातील कुटुंबाला त्याचा लाभ कधी आणि कसा पोचणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच. या प्रश्नाचे जे एक उत्तर जगभर पुढे आले आहे, ते म्हणजे वैद्य नसलेला, परंतु पद्धतशीर शिकवून तयार केलेला सहायक कार्यकर्ता. त्याचे शिक्षण आपल्याकडे आज कोणत्या अवस्थेत आहे, त्यामागचा अनुभव काय सांगतो आणि त्यात उणे कशाचे आहे, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम या माणसाचे काम नेमके काय, ते पाहिले पाहिजे. कारण कामाची कल्पना अस्पष्ट असली की शिक्षणाची कल्पनाही अस्पष्टच राहते. औषधयोजना लिहून देणे हे तज्ज्ञाचे काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. त्यानंतरचा महिना मात्र रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना स्वतःच काढावा लागतो. गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत की नाहीत, त्यांनी येणारी सुस्ती किंवा हातापायांचा ताठरपणा डॉक्टरांच्या कानी घातला गेला की नाही, झोप उडणे, संशय वाढणे, बोलणे तुटणे ही आजार उलटण्याची पूर्वचिन्हे कोणी ओळखली की नाही, बंद पडलेला आंघोळ-जेवणाचा आणि कामधंद्याचा क्रम पुन्हा कसा बसवावा, लग्न लावून दिले की सारे ठीक होईल असे म्हणणाऱ्या नातलगांना कसे समजावावे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळणारा दाखला कोणत्या रुग्णालयातून आणि कोणत्या कागदपत्रांनिशी काढावा, जीव द्यावासा वाटतो असे कोणी सांगितले तर त्याला काय विचारावे आणि कोणाकडे न्यावे, ही सारी कामे वैद्यकाइतकीच महत्त्वाची असून त्यांना वैद्यकाची पदवी मात्र लागत नाही. सौम्य ते मध्यम नैराश्यात तर योग्य रीतीने केलेले संभाषण हाच उपचार ठरू शकतो. म्हणजे ऐकणे, ओळखणे, सोबत करणे, जोडून देणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचे ते वेळीच वर पाठविणे, ही या व्यवसायाची पाच अंगे होत.

या कल्पनेचा आपल्याकडील इतिहास रंजक आहे. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले, आणि शुश्रूषेत त्यांना सहभागी करून घेताघेता आजाराचे स्वरूपही समजावून दिले. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि घरी जाताना त्यांच्याबरोबर शिकलेला एक माणूसही जाऊ लागला. 1975 च्या सुमारास दोन प्रयोग जवळजवळ एकाच वेळी आरंभिले गेले : एक निमहान्सचा, बंगळूरजवळच्या सकलवारा येथे, आणि दुसरा चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हरियाणातील रायपूर राणी येथे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर आणि बहुउद्देशीय आरोग्यसेवक यांना थोड्या मुदतीचे शिक्षण दिले, तर तीव्र मनोविकार आणि अपस्मार ओळखून त्यांचा पाठपुरावा करणे त्यांना शक्य होते, असे या प्रयोगांनी दाखविले. 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मंजूर झाला तो याच अनुभवाच्या बळावर. आणि कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्याचा नमुना समोर ठेवून 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे साध्या सेवकाला हे काम शिकविता येते, हा मुद्दा आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे.

औपचारिक शिक्षणाची शिडी मात्र निराळ्या दिशेने उभी राहिली. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे जे विद्यालय स्थापन झाले, आणि जे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले, त्याने दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र उघडले. वैद्यकीय व मनोविकार समाजकार्याचे स्वतंत्र शिक्षणही तेथेच रुजले. 1954 साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तिचे 1974 मध्ये निमहान्समध्ये रूपांतर झाले, आणि चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या विषयांतील दोन वर्षांचा एम. फिल. अभ्यासक्रम हा या क्षेत्राचा मानदंड ठरला. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी तिच्याकडे गेली. ही शिडी उत्तम आहे. परंतु तिची पहिली पायरी पदव्युत्तर पदवीच्याही वर आहे. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीने, सेवाभावी संस्थेत दहा वर्षे राबलेल्या कार्यकर्त्याने अथवा आजारातून सावरून इतरांना हात देऊ पाहणाऱ्या माणसाने तिच्यावर पाय ठेवावा कसा, याचे उत्तर तिच्यात नाही. त्यातच 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरविल्यामुळे वरच्या पायऱ्यांची फेरमांडणी करण्यात नियामक संस्था गुंतल्या, आणि खालची पायरी अद्याप घडविली जावयाची आहे.

कायद्याने या पायरीकडे पाहिलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागून साखळदंडांनी जखडलेले 28 मनोरुग्ण मृत्यू पावले, तेव्हा ज्यांच्या हाती मनोरुग्ण सोपविले जातात त्यांना त्या कामाचे कसलेच शिक्षण नसते, हे भीषण सत्य देशासमोर आले. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून अमलात आला. त्याने रुग्णाचे हक्क सविस्तर सांगितले आणि मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजकार्यकर्ता व मानसिक आरोग्य परिचारिका यांच्या व्याख्या केल्या. सहायक कार्यकर्त्याला कायदेशीर नाव मिळाले ते 2021 च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने. त्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्यविज्ञानाच्या गटात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांच्या जोडीला मानसिक आरोग्य सहायक कार्यकर्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचे शिक्षण किमान 2,000 तासांचे असून ते दोन ते चार वर्षांत विभागलेले असावे लागते. परंतु कायद्याच्या पुस्तकातील नाव आणि सरकारी आस्थापनेवरील हुद्दा या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाव मिळाले, पण त्या नावाची जागा जिल्ह्याच्या दप्तरात निघत नाही तोवर दोन वर्षे खर्चून ते शिक्षण घेणाऱ्याने पुढे करावे काय?

आता या शिक्षणाचा गुण किती, याकडे वळू. या बाबतीत गोव्याचे आणि महाराष्ट्राचे नाव जगाच्या वैद्यकीय साहित्यात आदराने घेतले जाते. गोव्यातील 'संगत' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली 'मानस' नावाची चाचणी केली, तिचे निष्कर्ष 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. बारा सरकारी आणि बारा खाजगी अशी चोवीस आरोग्यकेंद्रे घेऊन, त्यांतील निम्म्या ठिकाणी आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिन्यांचे शिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. त्यांच्या पाठीशी केंद्राचा डॉक्टर होता आणि वेळोवेळी भेट देणारा मनोविकारतज्ज्ञही होता. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांतील निदान झालेल्या रुग्णांपैकी 65.9 टक्के बरे झाले होते, तर असे समुपदेशक नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण 42.5 टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही, हीही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर याच संस्थेने तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींची एक साधी उपचारपद्धती सिद्ध केली. तिचा गाभा असा, की खचलेल्या माणसाला त्याने सोडून दिलेल्या, पण पूर्वी ज्यांत त्याचा जीव रमत असे अशा कृतींकडे पायरीपायरीने परत न्यावयाचे. सामान्य समुपदेशकांनी दिलेल्या या उपचारानंतर तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले; केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

या दुसऱ्या प्रयोगातील शिक्षणपद्धती विशेष अभ्यसनीय आहे. वर्गातील व्याख्याने आणि परस्परांत भूमिका वाटून घेतलेला सराव हा तिचा आरंभ होता, शेवट नव्हता. त्यानंतर उमेदवाराने प्रत्यक्ष रुग्ण हाताळावयाचे, भेटीचे ध्वनिमुद्रण रुग्णाच्या संमतीने करावयाचे, आणि ते सहकाऱ्यांच्या बैठकीत ऐकवून एका ठरीव मापाने त्याला गुण द्यावयाचे, असा क्रम होता. आपण सल्ला देण्याची घाई कोठे केली, रुग्णाचे वाक्य कोठे तोडले, मृत्यूचा विषय निघताच आपण तो कसा टाळला, हे स्वतःच्याच आवाजात ऐकणे सुखाचे नसते. पण शिक्षण घडते ते तेथेच. पुढे तज्ज्ञाचे मार्गदर्शन कमी करून ही तपासणी बहुतांशी सहकाऱ्यांनीच चालविली, तरी गुणवत्ता टिकून राहिली.

महाराष्ट्रातील अनुभवही उद्बोधक आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालविण्यात आला; गावातील कार्यकर्त्यांनी मानसिक ताण आणि नैराश्य यांविषयी बोलण्यास लोकांना प्रवृत्त केले, समुपदेशकांनी प्रथमोपचार दिले आणि गरजेप्रमाणे रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले. अठरा महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. पुण्याच्या आय. एल. एस. विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' हा उपक्रम नाशिक जिल्ह्यात उभा केला आणि नंतर गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला. त्यात वेतन न घेणाऱ्या गावकऱ्यांनाच ऐकण्याची आणि सरकारी योजनांशी जोडून देण्याची विद्या शिकविली गेली. छिन्नमनस्कतेसारख्या दीर्घ आजारात मात्र यशाची मर्यादा दिसते. तमिळनाडू, गोवा आणि सातारा येथे 282 रुग्णांवर जी चाचणी झाली, आणि जिचे निष्कर्ष 2014 मध्ये आले, तीत सामुदायिक कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा लाभ झाला खरा, पण तो माफकच होता. सर्व आजारांस एकच कार्यकर्ता आणि एकच शिक्षण पुरेल, हा समज या निष्कर्षाने दूर व्हावयास हरकत नाही.

या विद्येचा आणखी एक झरा आहे, तो पुस्तकांतून आलेला नाही. पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली केली. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते व समुपदेशक म्हणून उभी राहिली. पुण्यातच डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांच्या नातलगांचे स्वमदत गट उभारले, आणि 'देवराई' या चित्रपटाच्या निर्मितीला हातभार लावून हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय केला. ज्याने स्वतः भोगले त्याच्या शब्दाला रुग्णाजवळ जे वजन असते, ते कोणत्याही सनदेने येत नाही. परंतु स्वतःचा अनुभव हीच एकमेव रीत आहे असे मानण्याचा मोहही त्याला अधिक होतो; म्हणून त्याला शिक्षणाची गरज कमी नसून निराळी असते.

परदेशांनी ही निराळी गरज ओळखून तिची रीतसर व्यवस्था लावली आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसायशिक्षणात चौथ्या श्रेणीचे मानसिक आरोग्य प्रमाणपत्र आहे, त्यास प्रत्यक्ष कामाची किमान 80 तासांची अट आहे, आणि स्वानुभवी कार्यकर्त्यांसाठी त्याच श्रेणीचे वेगळे प्रमाणपत्र आहे. इंग्लंडने 2008 पासून चिंता व नैराश्य यांसाठी बोलून करावयाच्या उपचारांची सार्वत्रिक सेवा सुरू केली. तिच्यातील पहिल्या पायरीचा कार्यकर्ता सुमारे वर्षभर शिकतो, पण त्या वर्षात तो सेवेत पगारावर असतो आणि त्याच्या रुग्णांचा आढावा वरिष्ठ नियमाने घेतात. झिंबाब्वेसारख्या गरीब देशात हरारे शहरातील दवाखान्यांबाहेर लाकडी बाकांवर बसून वस्तीतील आजीबाई समस्या सोडविण्याची पद्धत शिकवितात, आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्या कामाची परिणामकारकता सिद्ध केली. देश श्रीमंत असो वा गरीब, तिन्ही ठिकाणी शिक्षणाच्या आधीच कामाची जागा निश्चित झालेली आहे.

आपल्याकडील मुख्य दोष येथेच आहे. शिक्षणाचा अभाव आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. किंबहुना समुपदेशनाच्या आठ दिवसांच्या, महिन्याच्या किंवा पत्रद्वारा चालणाऱ्या अभ्यासक्रमांचा आज सुकाळ आहे. परंतु त्यांतील अनेकांत एकाही रुग्णाशी गाठ न पडता प्रमाणपत्र हाती येते, आणि ते भिंतीवर लावून दुकान थाटणाऱ्याला आवरण्याची अंमलबजावणी दुबळी आहे. दुसरीकडे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत रुग्णांच्या सहवासात सर्वाधिक तास घालविणारा माणूस म्हणजे कक्षसेवक. पण त्याच्या शिक्षणाचा विचार सर्वांत शेवटी होतो. गावपातळीवर आशा कार्यकर्तीकडे गरोदर मातांपासून क्षयरोग्यांपर्यंतची कामे आधीच आहेत. त्यांत मनोविकारांची प्राथमिक चाचपणीही जोडली गेली आहे, पण तेवढ्याने सहायक कार्यकर्ता निर्माण होत नाही, केवळ एक नोंदवही वाढते. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेने 14416 या क्रमांकावर प्रथम बोलणारा समुपदेशक उभा केला, हे स्तुत्यच आहे. तथापि दूरध्वनी ठेवल्यानंतर त्या घरी जाणारा कोणी तालुक्यात असावा लागतो. आणि जी पदे आहेत, ती बहुधा कंत्राटी. मुदत संपली की शिकलेला माणूस दुसऱ्या खात्यात जातो, आणि त्याच्याबरोबर सरकारने खर्चिलेले शिक्षणही जाते.

या सर्व अनुभवातून शिक्षणाचा आराखडा पुरेसा स्पष्ट होतो. निवड करताना गुणांपेक्षा ऐकण्याची क्षमता आणि स्थानिक बोलीशी असलेली जवळीक पाहावी. मेळघाटात कोरकू न समजणारा समुपदेशक कितीही विद्वान असला तरी निरुपयोगी होय. वर्गातील शिक्षणापेक्षा प्रात्यक्षिकाचे तास अधिक असावेत. आत्महत्येचा धोका ओळखणे, गोपनीयता, आपल्या मर्यादा आणि रुग्णाचे कायदेशीर हक्क हे विषय ऐच्छिक नसावेत. पाठ्यसाहित्य चांगल्या मराठीत, आणि आवश्यक तेथे कोरकू, गोंडी, भिली यांतही असावे. ऐकणाऱ्याच्या मनावरही दुःखाचा भार साचतो. तो उतरविण्याची नियमित बैठक ही चैन नसून कामाचाच भाग आहे. आणि प्रमाणपत्राच्या पुढची पायरी, म्हणजे वरिष्ठ कार्यकर्ता, पर्यवेक्षक आणि कालांतराने शिक्षक, ही आरंभापासूनच दिसली पाहिजे. ज्या व्यवसायात चढावयास जागा नाही त्यात हुशार माणूस टिकत नाही.

परंतु यांतील एकही गोष्ट अभ्यासक्रम छापून साध्य होणारी नाही. आजवरच्या प्रयोगांत जेथे यश आले तेथे शिकविणे अल्प आणि देखरेख दीर्घ होती. जेथे केवळ शिकविले आणि सोडून दिले तेथे विद्या विरून गेली. यास्तव सरकारने नवी प्रमाणपत्रे जाहीर करण्यापूर्वी प्रत्येक तालुक्याच्या आस्थापनेवर सहायक कार्यकर्त्याचे नियमित वेतनाचे पद आणि अशा काही कार्यकर्त्यांमागे एक पर्यवेक्षक मंजूर करावा, आणि मगच विद्यापीठांनी व संस्थांनी त्या पदासाठी माणसे घडवावीत; क्रम उलटा ठेवला तर बेकार प्रमाणपत्रधारकांच्या संख्येत आणखी थोडी भर पडेल, इतकेच. आणि जो तरुण वा जी तरुणी आज या मार्गाला लागू इच्छिते, तिने प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी संस्थेला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : मला प्रत्यक्ष रुग्ण किती काळ आणि कोठे हाताळावयास मिळतील, माझे काम कोण तपासणार, आणि हे प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखाली, कोणत्या पदासाठी ग्राह्य आहे. यांची लेखी उत्तरे जी संस्था देऊ शकत नाही, तिच्या दारात शिरू नये.